आटा आणि गंज

मोटारसायकलचा सायलेन्सर इंजिनाला जोडून धरणारे दोन नट, एवढाच या लेखाचा विषय आहे. नट म्हटल्यावर या अंकाच्या वाचकाला आधी रंगभूमी आठवणे साहजिक आहे. मी बोलतो आहे तो लोखंडी, सहा कोनांचा आणि बोटाच्या पेराएवढाही नसलेला. तो गंजल्यावर सुटत का नाही, सोडवायचा कसा आणि सोडवताना नेमके काय मोडते, हे समजून घेण्यात माझी गेली तेरा-चौदा वर्षे अधूनमधून गेली. यंत्रशास्त्राचे शिक्षण मला नाही. पतपेढीत कारकुनी केली. जे थोडेफार कळले ते गॅरेजातल्या बाकड्यांवर बसून, भंगारातल्या तुकड्यांवर हात चालवून आणि मिळतील ती पुस्तके वाचून.

सुरुवात माझ्याच एका फजितीने झाली. माझा धाकटा भाऊ दापोली तालुक्यात पाव पोचवण्याचे काम करतो. पहाटे चारला बेकरीतून पाव उचलायचे, मोटारसायकलच्या मागे पिशव्या बांधायच्या आणि उजाडण्याच्या आत गावोगावच्या दुकानांत टाकायचे. २०११च्या सप्टेंबरात त्याची शंभर सीसीची गाडी फटफट असा आवाज करू लागली. सायलेन्सरचा पाइप इंजिनाला जिथे भिडतो तिथली पातळ कडी, म्हणजे गॅस्केट, गेली होती. किरकोळ किमतीची वस्तू. मी म्हटले, ‘‘दोन नट तर आहेत, त्यासाठी गॅरेजात कशाला? मी बसवतो.’’

पहिला नट सुटला. दुसरा हलेना. मी पान्याला दोन फुटी पाइप जोडला आणि ओढला. नट फिरला, अगदी मऊ, लोण्यासारखा. ‘आला’ असे म्हणेपर्यंत तो पान्यासकट माझ्या हातात आला आणि त्याच्या आत दांड्याचा तुकडा होता. उरलेला दांडा इंजिनाच्या हेडात. तो काढायला मी ड्रिल लावले. तुटलेल्या लोखंडाच्या खडबडीत तोंडावरून ते बाजूच्या मऊ ॲल्युमिनियममध्ये घसरले आणि जिथे गोल भोक असायला हवे तिथे लांबट खड्डा झाला. हेड उतरवून चिपळूणला लेथवर पाठवावे लागले. भोक मोठे करून त्यात बुश मारून ते परत येईपर्यंत नऊ दिवस गेले. ते नऊ दिवस भावाने दुसऱ्याची गाडी भाड्याने घेऊन पाव टाकले. तीन दुकाने दुसऱ्याकडे गेली, त्यांतले एकच परत आले. तो मला एवढेच म्हणाला, ‘‘दादा, आता राहू दे.’’

राहू देणे मला जमले नाही. दापोलीपासून हर्णै, दाभोळ आणि फेरीबोटीने खाडी ओलांडून धोपाव्याच्या बाजूची गॅरेजे, असे मी रविवारी रविवारी हिंडू लागलो. विचारायचे ते एकच : गंजलेला नट तुम्ही कसा काढता? चार वह्या भरल्या. त्यातून जे हाती आले त्याने माझा मूळ समजच उलटा ठरवला. माझी समजूत अशी होती, आणि बहुतेकांची असते, की न सुटणारा नट फार घट्ट असतो, म्हणून त्याला अधिक जोर हवा. प्रत्यक्षात तो घट्ट नसतो, अडकलेला असतो. घट्ट वस्तूला जोर लावला तर ती सैल होते. अडकलेल्या वस्तूला जोर लावला तर तो जोर दुसरीकडे जातो, आणि या ठिकाणी तो दांड्यात जातो.

आधी रचना सांगतो. इंजिनाच्या वरच्या भागाला हेड म्हणतात, ते ॲल्युमिनियमचे असते. त्याच्या पुढच्या अंगाला जळलेला वायू बाहेर पडण्याचे तोंड असते आणि तोंडाच्या दोन बाजूंना दोन पोलादी दांडे रोवलेले असतात. बोल्टला जसे डोके असते तसे या दांड्यांना नसते. दोन्ही टोकांना आटे. यांना स्टड म्हणतात. एक टोक हेडात पिळलेले, दुसऱ्या टोकावर नट. नट आवळला की पाइपाची कॉलर गॅस्केटवर दाबली जाते. म्हणजे एका स्टडला दोन सांधे असतात : नट आणि स्टड हा लोखंडाचा लोखंडाशी, स्टड आणि हेड हा लोखंडाचा ॲल्युमिनियमशी. नट सोडवायला बसलेल्या माणसाला पहिलाच सांधा दिसतो. घात बहुधा दुसऱ्या सांध्याच्या तोंडाशी होतो.

आटा म्हणजे काय? दांड्याभोवती गुंडाळलेला घाटरस्ता. ६ मिलिमीटरच्या नेहमीच्या मेट्रिक स्टडवर नटाचा एक पूर्ण फेरा झाला की तो १ मिलिमीटर पुढे सरकतो. साधारण १७ मिलिमीटर चालायचे आणि १ चढायचे, असा हा सौम्य चढ. चढ सौम्य असल्यामुळेच नट आपोआप घसरून खाली येत नाही, त्याला घर्षण धरून ठेवते. आवळताना आपण लावतो त्या जोरातला सुमारे नव्वद टक्के भाग घर्षणातच जिरतो आणि जेमतेम दहा टक्के पाइप दाबायच्या कामी येतो. हे वाचले तेव्हा मला खरे वाटले नव्हते. पण गंजाचे सगळे राजकारण या नव्वद टक्क्यांत आहे.

आता थोडे आकडे. ६ मिलिमीटरच्या स्टडचे आटे वजा केले तर गाभा पावणेपाच मिलिमीटरच्या आसपास उरतो. सहा इंची पान्याच्या टोकाला सहा-सात किलोचा जोर लावला की असा नट योग्य तेवढा आवळला जातो. नवा, चांगल्या पोलादाचा स्टडसुद्धा याच्या दुपटीच्या आतबाहेर पिळून तुटू शकतो, मग गंजाने खाल्लेल्याची काय कथा. त्याच नटाला मी दोन फुटी पाइप लावला होता. तेवढ्या लांबीवर तीन-चार किलोची ओढ पुरते. अर्धी कळशी पाणी उचलण्याएवढाही जोर नाही. माझा हात त्या वेळी किती ओढत होता ते सांगायला मी धजत नाही. काही लोक म्हणतात, पाइप लावू नये. माझे म्हणणे वेगळे आहे. पाइपाने जोर वाढतो यापेक्षा वाईट हे, की हाताला लागणारा अंदाज नाहीसा होतो. लांब दांड्यातून स्टडचे बोलणे ऐकू येत नाही.

नट अडकतो कशाने? गंजाने, हे खरे, पण एकाच गंजाने नव्हे.

पहिला ओला गंज. लोखंड, पाणी आणि हवा यांच्यातून तयार होणारा गंज मूळ लोखंडापेक्षा किमान दुप्पट आणि ओलसर असेल तर त्याहून पुष्कळ जास्त जागा मागतो. कोकणातल्या वाचकाला हे उदाहरण देऊन पटवावे लागणार नाही. समुद्राकाठच्या घरांचे स्लॅब खालून फुगतात, सिमेंटचे पोपडे पडतात आणि आत तांबडी सळई दिसते, ते याच कारणाने. सळई सिमेंट फोडते तसाच आट्यातला गंज नटाला आतून दाबतो. नट आणि स्टड यांच्या आट्यांमध्ये मोकळी जागा असते ती मिलिमीटरच्या काही शतांशांची. तेवढी भरायला गंजाला एक पावसाळाही लागत नाही.

दुसरा कोरडा, भट्टीतला. इंजिनाच्या तोंडातून निघणारा वायू पाचशे अंशांच्या पुढे असतो. नट स्वतः एवढा तापत नाही, पण आट्याला लावलेले साधे ग्रीस जळून कोळसा व्हावा इतका तापतो. शिवाय तो रोज तापतो आणि रोज निवतो. तापताना फट किंचित उघडते, निवताना ती दमट हवा आत ओढते.

तिसरा दुसऱ्या सांध्यातला. पोलाद आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटून असले आणि मध्ये खारे पाणी आले की बॅटरीसारखा प्रवाह सुरू होतो आणि त्यात ॲल्युमिनियम झिजते. त्याची पांढरी भुकटी स्टडच्या मुळाशी साचते आणि तीही फुगते. हेडातून सहीसलामत निघालेल्या स्टडच्या आट्यांत भिजलेल्या पिठासारखा पांढरा थर दिसतो, तो हाच.

या तिन्हींना पाणी पुरवतो कोण? माझा पहिला संशय सायलेन्सरवरच होता. एक लिटर पेट्रोल जळले की त्यातून जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होते. थंडीच्या सकाळी सायलेन्सरच्या शेपटीतून थेंब गळतात ते यातलेच. पण ते पाइपाच्या आतले, पाइप आतून कुजवणारे. पुढच्या नटांचा शत्रू वेगळा आहे : गाडीचे पुढचे चाक. ते फिरताना रस्त्यावरचे पाणी, चिखल आणि किनाऱ्यालगतच्या रस्त्यांवर मीठ बरोबर त्या दोन नटांवर उडवते. पुढच्या मडगार्डाखाली रबराचा झुलता तुकडा असतो तो यासाठीच, आणि तो पहिल्याच वर्षी तुटून पडतो. हर्णैच्या लिलावातून मासळी घेऊन गावोगाव जाणाऱ्यांच्या गाड्या मी मुद्दाम पाहिल्या. त्यांच्या क्रेटमधून गळणारे बर्फाचे खारे पाणी मागे सायलेन्सरवर पडते. त्या गाड्यांना सायलेन्सरचा मागचा बोल्ट आधी जातो, पुढचे नट नंतर. पावाच्या गाडीचे उलटे. गाडीवर काय लादले जाते ते तिच्या गंजावरून सांगता येते, एवढे मी आता शिकलो आहे.

दाभोळच्या एका मिस्त्रींकडे मी सर्वांत जास्त वेळ बसलो. साठी उलटलेले, बोलणे मोजके. मी माझी फजिती सांगितली तेव्हा त्यांनी विचारले, ‘‘तुटायच्या आधी हाताला कसं लागलं?’’ मी म्हटले, ‘‘मऊ लागलं. वाटलं सुटला.’’ त्यावर ते म्हणाले, ‘‘भाऊ, सुटणारा नट मऊ लागत नाही. तो टक् करतो. नाहीतर करकरतो. हाताला रबर लागलं की थांबायचं.’’

हे ‘रबर’ माझ्या सगळ्या वह्यांतला सर्वांत मोलाचा शब्द आहे. भंगारातले स्टड व्हाइसमध्ये धरून आणि पिळून मी तो अनुभव पुन:पुन्हा घेतला. पोलादी दांडा पिळला की आधी तो थोडा वळतो आणि पाना सोडला की जागेवर येतो. आणखी पिळला की एक क्षण असा येतो की तो वळतो पण परत येत नाही, आणि तिथून पुढे विरोध वाढायचा थांबतो. पाना पुढे जात राहतो, हाताला वाटते काम झाले. गंजलेला स्टड जिथे सर्वांत बारीक झालेला असतो, बहुधा हेडातून बाहेर पडतो त्या मानेशी, तिथे हा पीळ साठतो. सुटणाऱ्या नटाचे असे नसते. गंजाचा बंध तुटतो तो एकदम, कोरडा, ठिसूळ आवाज करून. त्यानंतर करकर येते ती गंजाची भुकटी दळली जाते त्याची. करकर ऐकू आली की घाई करायची नाही. पाव फेरा सोडायचा, पुन्हा आवळायचा, तेलाचे थेंब द्यायचे, मग अर्धा फेरा. एकाच दिशेने ओढत राहिले तर भुकटी पुढच्या आट्यात साचून नट वाटेत पुन्हा जाम होतो. अर्धा बाहेर आलेला नट तिथेच अडकून स्टड घेऊन गेल्याच्या कहाण्या माझ्याकडे बऱ्याच आहेत.

सुरुवातीचा पहिला जोर मात्र सोडायच्या दिशेने नव्हे, आवळायच्या दिशेने द्यावा. अगदी थोडा. हे मला चार वेगवेगळ्या गॅरेजांत सांगितले गेले. आधी मला ती अंधश्रद्धा वाटली. पण बंध कुठल्याही बाजूने तुटला तरी तुटतोच, आणि दोन्ही बाजूंनी हलकेच हलवलेला बंध एका बाजूच्या ओढीपेक्षा लवकर थकतो. तार तोडायची झाली तर आपण ती ओढत नाही, मागेपुढे वाकवतो.

मिस्त्रींची दुसरी युक्ती खडूची. नटाच्या तोंडावर आणि त्यातून डोकावणाऱ्या स्टडच्या टोकावर मिळून एक सरळ रेघ मारायची. नट फिरू लागला की रेघ पाहायची. दोन तुकडे झाले तर नट स्टडवरून सुटतो आहे. रेघ अखंड राहून फिरत असेल तर स्टडही सोबत फिरतो आहे. मग प्रश्न उरतो तो हेडातून निघतो आहे की पिळला जातो आहे. निघत असेल तर जोर प्रत्येक फेऱ्याला सारखा लागतो आणि स्टड डोळ्यांदेखत लांब होत जातो. तसे झाले तर देवाचे आभार मानावेत. नटासकट स्टड बाहेर आला म्हणून रडकुंडीला आलेली पोरे मी पाहिली आहेत, पण ती चांगली बातमी आहे, नवा स्टड बसवायचा की झाले. रेघ अखंड आहे, टोक पुढे येत नाही आणि हाताला रबर लागते आहे, तर त्या क्षणी पाना खाली ठेवायचा.

पान्याबद्दल थोडक्यात. ॲडजस्टेबल पाना या कामाला वर्ज्य. दोन बाजूंनी धरणारा साधा पानाही नको. सहा कोनांची गोटी हवी, बारा कोनांची नको, कारण गंजाने झिजलेल्या नटाचे कोपरे बारा कोनांत निसटतात. दहाचा नट गंजून लहान झाला की दहाची गोटी सैल होते. अशा वेळी जुने मिस्त्री तीन-अष्टमांश इंचाची गोटी हातोडीने ठोकून चढवतात. ती साडेनऊ मिलिमीटरला जवळजवळ बरोबर बसते. इंचातली हत्यारे मेट्रिकच्या जमान्यातही त्यांच्या पेटीत टिकली ती यासाठी. एक मौज सांगतो : विलायती विटवर्थ पान्यांवर लिहिलेले माप दांड्याचे असते, नटाचे नव्हे. मेट्रिक पान्यावरचा आकडा मात्र नटाच्या समोरासमोरच्या बाजूंमधले अंतर सांगतो. त्यामुळे जुनी विलायती हत्यारे हाताळणारा नवा पोरगा हमखास गोंधळतो. जोसेफ विटवर्थने १८४१ मध्ये आट्यांचे एक माप सुचवले, त्याआधी तर प्रत्येक कारखान्याचा आटा निराळा होता.

तेलांच्या बाबतीत प्रत्येक मिस्त्रीची स्वतःची गुटी असते. रेशनचे रॉकेल दिसेनासे झाल्यापासून डिझेल, कुणी त्यात ब्रेक ऑइल घालतो. दुकानात मिळणारा डब्ल्यूडी-४०चा फवारा आता खेड्यातही पोचला आहे. त्याची गोष्ट मजेदार आहे. १९५३ मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोच्या एका लहान कंपनीने ॲटलस क्षेपणास्त्राचे बाहेरचे कवच गंजू नये म्हणून ते बनवले. नावाचा अर्थ पाणी हटवणे, चाळिसावा प्रयत्न. म्हणजे मुळात ते गंजात शिरायचे नव्हे, पाणी दूर ठेवायचे औषध. काम करत नाही असे नाही, पण त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा नको. कुठलेही तेल आट्यात शिरते ते वातीत तेल चढते त्याच न्यायाने, फटीच्या ओढीने. फट शतांश मिलिमीटरची आणि तीही गंजाने भरलेली. म्हणून तेल कोणते यापेक्षा किती वेळ दिला हे महत्त्वाचे. रात्री थेंब, सकाळी थेंब, मध्ये नटाच्या सहाही बाजूंवर लहान हातोडीने हलके ठोके. ठोक्यांनी गंजाला तडे जातात आणि तेलाला वाट मिळते. माझ्या नोंदींत सर्वाधिक यश याच कंटाळवाण्या पद्धतीला आहे. अडचण अशी की गिऱ्हाईक समोर उभे असते आणि त्याला गाडी संध्याकाळी हवी असते.

उष्णतेचा उपाय जलद, पण त्याबद्दल फार ढोबळ बोलले जाते. ‘नट तापवला की फुगतो आणि सैल होतो’ हे अर्धे खरे. पोलादाचा नट दोनशे अंशांनी तापवला तर ६ मिलिमीटरचे भोक सुमारे दीड शतांश मिलिमीटरने मोठे होते, केसाच्या जाडीच्या पाचव्या हिश्शाएवढे. पण आतला स्टडही तापत असतो. म्हणून ज्योत बारीक हवी, नटावरच हवी आणि थोडाच वेळ हवी, म्हणजे नट स्टडच्या पुढे धावतो. खरा फायदा नंतर होतो. नट निवताना गंजाचा थर तडकतो. त्या वेळी मेणबत्ती नटाला टेकवावी. मेण वितळून आट्यात ओढले जाते आणि तिथे वंगणाचे काम करते. मी स्वतः हे करून पाहिले आहे. बाहेर आलेल्या नटाच्या आत, अगदी शेवटच्या आट्यापर्यंत मेण चकाकत होते. स्टडच हेडातून काढायचा असेल तर गणित बदलते. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, म्हणून हेड कोमट करणे सोयीचे. पाच-सात मिनिटे इंजिन चालू ठेवले तरी पुरते.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी, कारण तिने माणसे भाजली आहेत. तापलेल्या सायलेन्सरवर रॉकेल किंवा डिझेल ओतू नये. ही तेले दोनशे-सव्वादोनशे अंशांच्या आसपास ठिणगीशिवायही पेट घेतात. आधी तेल आणि लगेच ज्योत, हे तर उघड उघड आगीला बोलावणे. त्यात दीड वितीवर पेट्रोलची टाकी. टाकी उतरवून दूर ठेवल्याशिवाय ज्योत पेटवू नये, मग गिऱ्हाईक कितीही घाई करो.

हाताला रबर लागले, तेल झाले, उष्णता झाली, तरी नट हलत नाही. मग? माझ्या २०११च्या प्रश्नाचे उत्तर मला इथे मिळाले आणि ते इतके साधे होते की राग आला. नट मारून टाकायचा. नट काही रुपयांचा असतो, हेड हजारांत जाते. बारीक पात्याच्या हॅकसॉने नट एका बाजूने, स्टडला समांतर असा, आट्यापर्यंत जवळजवळ कापायचा. कापलेल्या खाचेत छिन्नी ठेवून एक ठोका. नट उकलतो, शेंगेसारखा, आणि स्टडवरची त्याची पकड क्षणात जाते. आट्याला एखादा ओरखडा आला तरी बिघडत नाही. हे मला माहीत असते तर भावाची ती तीन दुकाने गेली नसती.

माहीत का नव्हते? मिस्त्रींना तर होते. याचे एक कारण पैशाचे आहे. स्टड तुटला तर भरपाई कुणाची, याचा कुठलाच लेखी करार गॅरेजात नसतो. काही जण आधीच सांगतात, ‘‘तुटला तर माझ्यावर नाही.’’ काही जण तुटला तर मुकाट्याने स्वतःच्या खर्चाने बुश मारून देतात आणि आठवडाभराची कमाई त्यात घालवतात. नट कापायचा म्हटले की गिऱ्हाइकाला वाटते हा आपली गाडी मोडतो आहे, किंवा याला काम येत नाही. जोर लावून तुटले तर मात्र ते नशीब. दाभोळच्या मिस्त्रींनी सांगितले, ‘‘नट कापला की लोक पैसे द्यायला कुरकुरतात. तुटल्यावर काढून दिला की दुप्पट देतात, वर हात जोडतात.’’ योग्य वेळी थांबण्याला बाजारात भाव नाही, मग ते शिकायचे कुणी आणि शिकवायचे कुणाला?

दुसरे कारण आपल्याकडचे, म्हणजे लिहिणाऱ्यांकडचे. हे सारे ज्ञान तोंडी आहे. मी पाहिलेल्या सर्व्हिसच्या पुस्तकांत ‘नट काढा’ एवढेच असते, जणू प्रत्येक नट कालच बसवलेला आहे. मराठीत लिहिलेले तर मला काहीच सापडले नाही. एके काळी कारखाना आणि कागद इतके दूर नव्हते. बेळगावात १८८८ मध्ये सायकलचे दुकान काढणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगातूनच १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाले आणि पुढे ते केवढे मासिक झाले हे या वाचकांना मी काय सांगावे. शब्दांची तर आपल्याकडे मुळीच वाण नाही. मळसूत्र, पेच, आटा. पेचात आपण रोज पडतो, डोक्याचे आटे ढिले झालेली माणसेही आपल्या ओळखीची असतात. फक्त खऱ्या आट्याबद्दल लिहायचे राहून गेले.

तुटल्यानंतरचे उपाय थोडक्यात सांगतो, कारण ते ज्याचे त्याने करायचे नाहीत. तुटका दांडा थोडा तरी बाहेर असेल तर त्यावर नवा नट वेल्ड करतात. वेल्डिंगच्या उष्णतेनेच निम्मे काम होते. आतच तुटला असेल तर बरोबर मध्यावर खूण करून ड्रिल घालायचे, आणि मध्य हुकला की माझे झाले ते होते. उलट्या आट्याचे एक कडक हत्यार मिळते, भोकात पिळून दांडा काढायचे. ते आत तुटले तर ड्रिललाही दाद देत नाही. हे काम लेथवाल्याकडे न्यावे, आणि नेण्यापूर्वी स्वतः काहीही करू नये. शाबूत कामापेक्षा अर्धवट बिघडवलेले काम त्यालाही महाग पडते.

बसवताना काय करायचे ते बहुतेकांना ठाऊक असते आणि बहुतेक जण करत नाहीत. आटे तारेच्या ब्रशने साफ करावेत. साधे ग्रीस नको, ते जळते. तांब्याची किंवा ग्रॅफाइटची भुकटी असलेले, उष्णता सोसणारे वंगण लावावे, बोटभर नव्हे, आट्यात दिसेल न दिसेल एवढेच. दोन्ही नट आळीपाळीने आवळावेत. गाडी दोन-चार वेळा तापून निवली की गॅस्केट बसते, तेव्हा एकदा पुन्हा पाना लावावा. जमल्यास नट पितळी वापरावेत. पितळ लोखंडासारखे गंजत नाही, आणि वेळ आलीच तर स्टडच्या आधी नटाचा आटा जातो, जो जावा असेच आपल्याला वाटत असते. पुढच्या मडगार्डाचे रबरही बदलावे. आणि पावसाळा संपला की दरवर्षी एकदा दोन्ही नट सोडून, पुसून पुन्हा बसवावेत. हे काम अर्ध्या तासाचे आहे. मी विचारलेल्यांपैकी एकाही गाडीवाल्याने ते कधी केलेले नव्हते.

यंदा मे महिन्यात भावाची सध्याची गाडी पुन्हा फटफटू लागली. यावेळी तो स्वतःहून माझ्याकडे आला, गॅरेजात गेला नाही, याचे मला जे वाटले ते इथे लिहीत नाही. पहिला नट दुसऱ्या ठोक्याला टक् करून सुटला. दुसऱ्यावर शनिवारी संध्याकाळी तेल सोडले, रात्री झोपण्यापूर्वी पुन्हा, रविवारी पाव टाकून तो परतल्यावर पुन्हा. दुपारी पाना लावला, आधी आवळायच्या दिशेने. खडूची रेघ पाहत होतो. ती फिरली, अखंड. टोक पुढे येईना. हाताला रबर लागले. भाऊ शेजारी उकिडवा बसला होता. म्हणाला, ‘‘काय झालं?’’ मी पाना खाली ठेवला आणि हॅकसॉ मागितला.

कापायला पाऊण तास गेला. छिन्नीच्या ठोक्यासरशी नट उकलला. स्टड किंचित पिळला होता, पण जागच्या जागी उभा होता. संध्याकाळी मेणाच्या आणि उष्णतेच्या मदतीने तोही सावकाश काढून नवा घातला आणि दोन पितळी नट बसवले. भावाने बॅटरीच्या उजेडात ते पिवळे नट पाहिले आणि विचारले, ‘‘दादा, पितळेचे? कुणी सोडून नेले तर?’’

मी म्हटले, नेऊ देत, सुटतात हे तरी कळेल. पहाटे चारला गाडी बेकरीकडे गेली.